टोळाचा मान

मी टोळांच्या साली जन्मलो. कोणतं साल ते विचारू नका, शाळेत मास्तरांनी एक साल माझ्या नावापुढं घातलं होतं ते त्यांच्या मनचं, मी दुसरीतून शाळा सोडली तेव्हा ते तिथंच राहिलं. आमच्याकडे माणसाचं वय असंच सांगायचे, हा तापाच्या सालचा, तो मोठ्या वादळाच्या सालचा, आणि मी टोळांच्या सालचा. नाव ठेवलं सीताराम, पण त्या नावानं मला फक्त रेशनवाला हाक मारतो. गावात मी टोळबुवा. माझा बापूस पण टोळबुवाच होता. हे चिडवायचं नाव नव्हे हां, मानाचं नाव आहे. होतं म्हणा. आता कसं म्हणायचं ते तुम्ही शेवटपर्यंत ऐका आणि मग ठरवा.

आमचं गाव मिरजोळ्याच्या पाठीमागं, वर सडा, मध्ये वाडी, खाली भाताचे मळे. सडा म्हणजे नुसता कातळ, जांभा दगड, पावसात त्याच्यावर गुडघाभर गवत येतं आणि पाऊस गेला की करपतं. मळ्यांच्या कडेला पऱ्या वाहतो, तीच शीव, आणि ती शीव तशीच वर चढत सड्यापर्यंत जाते. शिवेपलीकडं दुसरं गाव. त्याचं नाव आमच्या घरात घेत नाहीत. मी पण घेणार नाही. तुम्हाला लिहायचं असेल तर नुसतं पलीकडचं गाव असं लिहा.

टोळधाड तुम्ही बघितली नाहीत. मी पण बघितली नाही, मी आवशीच्या पोटात होतो, पण आवशीनं इतक्या वेळा सांगितली की मला बघितल्यासारखीच वाटते. भात पिवळं व्हायला लागलेलं. सकाळी ऊन होतं आणि घटकेत सावली आली, लोकांना वाटलं मळभ आलं, पण मळभ कधी आवाज करतं काय? करकर करकर असा आवाज, कोणीतरी आभाळभर वाळकी पानं चुरगळतंय असा. आणि मग ते खाली बसले. भातावर बसले, माडावर बसले, माडाची झावळ त्यांच्या वजनानं लवली आणि कडाकडा मोडली. काय सांगू तुम्हाला, आवस म्हणायची की पायाखाली जमीन दिसत नव्हती, चाललं की चिखलात चालल्यागत पाय रुतायचा, आणि तो चिखल हलायचा. हिरवं म्हणून काही ठेवलं नाही. वालीवर वाळत टाकलेलं हिरवं लुगडं खाल्लं म्हणतात, ते खरं की खोटं देवीला माहीत.

सगळा गाव मळ्यात उतरला, ढोल, थाळ्या, पत्र्याचे डबे, धुरासाठी ओला पाला. टोळ आवाजानं उठतो पण जातो कुठं, वाऱ्याबरोबर थोडा पुढं, आणि पुन्हा बसतो. आता वारा होता पलीकडच्या गावाकडं. माझ्या बापसाच्या हातात देवीचा ढोल, तो सगळ्यांच्या पुढं. हाकलत हाकलत धाड शिवेपर्यंत नेली. तिथं पऱ्याच्या काठावर पलीकडच्या गावातला एक शेतकरी उभा होता, हात जोडून. तो म्हणाला, बाबांनो, माझं भात हे काय पुढ्यातच आहे, जरा वरच्या अंगानं न्या, रानात घाला, माझी पोरं लहान आहेत. रानाकडं वळवायची तर अर्धा दिवस गेला असता आणि तेवढ्यात आमचं उरलंसुरलं गेलं असतं. बापसानं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि ढोल वाजवला. जोरात वाजवला. सगळी धाड त्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडं गेली आणि बसली. आवस मळ्याच्या कडेच्या खोपीतून बघत होती, म्हणायची, तो माणूस ओरडत होता ते दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं.

मग घटकेभरात त्याच खोपीत मी जन्मलो. बापसाला सांगायला बाई धावत गेली, मुलगा झाला म्हणाली, तर त्यानं मागं वळून बघितलं नाही. ढोल थांबला असता ना.

आमच्या गावाचं निम्मं भात वाचलं. त्यांचं दाणाभर राहिलं नाही. त्या साली तिकडं फार माणसं मेली, लहान पोरं जास्त. आमच्या गावानं देवीला कौल लावला, आता पुढं काय? कौल झाला की ज्यानं ढोल वाजवला त्याच्या घराला नारळाचा मान द्या, आणि पुन्हा येऊ नयेत म्हणून टोळ पोटातच मारा. पोटातच मारा म्हणजे काय, तर टोळाची मादी मिरग सरला की सड्यावर अंडी घालते, कातळाच्या कडेला मऊ माती असते ना, तिथं शेपूट खुपसून. ती घालायच्या आधी धरायची. पुढच्या आषाढात सगळा गाव झोळ्या घेऊन सड्यावर गेला आणि झोळ्या भरभरून माद्या आणल्या, आणि शिवेच्या दगडावर ओतून पायांनी तुडवल्या. त्याच्या पुढच्या वर्षी कमी मिळाल्या. मग हळूहळू टोपली राहिली, मग एकच राहिली, मानाची.

रीत अशी बसली. आषाढात तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावणीला आला की शिवेच्या दगडापाशी सगळा गाव जमायचा. गुरव गाऱ्हाणं घालायचा. मग आमच्या घरातल्या पुरुषानं भरल्या पोटाची मादी दगडावर ठेवायची आणि उघड्या टाचेनं चिरडायची. नर चालत नाही, रिकाम्या पोटाची चालत नाही. ती फुटली आणि आतली पिवळी अंडी दगडाला लागली, अगदी भाताच्या दाण्यांसारखी असतात, की गुरव नारळ फोडायचा, त्यातलं अर्धं आमच्या घरी, आणि गावातली पहिली मूठ आम्ही लावायची. तोपर्यंत गावात कोणी तरव्याला हात लावायचा नाही. सावकार असो, सरपंच असो, चिखल तयार करून काठावर बसलेला असायचा आणि वाट बघायचा. कोणाची? आमची. आम्हाला जमीन किती, तर चार कुणगे. पण त्या दिवशी सगळा गाव आमच्या टाचेकडं बघत असायचा.

बापसानं मला लहानपणीच शिकवलं. सकाळच्या वेळी टोळ गारठलेला असतो, तेव्हा जायचं. पाठीवर फिकट पिवळी रेघ, आतले पंख लालसर, बोटापेक्षा लांब. मादी मोठी, आणि तिच्या शेपटाला कुदळीसारखी बारीक टोकं असतात, जमीन उकरायला. पंख मिटून पाठीवर धरायची म्हणजे लाथ लागत नाही, लाथ लागली तर रक्त येतं. एकदा मी धरताना तिचा पाय तुटला तर बापसानं माझी करंगळी उलटी वळवली, म्हणाला, लंगडी मादी देवीला देतोस होय? ती करंगळी बघा, अजून सरळ होत नाही. मी रडलो नाही. बापूस गेला त्या वर्षापासून ती टाच माझी. कितीतरी पावसाळे मी ती चिरडली. मऊ असते, पण फुटताना कट् असा आवाज होतो, तो पायातून वर येतो, गुडघ्यापर्यंत.

माझ्या लहानपणी घरामागच्या पाखाडीनं वर गेलं की दहा पावलांत टोळ मिळायचा. मग जरा वर जावं लागलं. मग पार मधल्या कातळापर्यंत. माझं लग्न झालं तेव्हा सकाळी निघालो तर जेवायला घरी यायचो, माझा मुलगा विष्णू शाळेत जायला लागला तेव्हा दुपार व्हायची. आमची घरची म्हणायची, मी माहेरी रुसून गेले होते तेव्हा मला इतकं शोधलं नाहीत. मी म्हणायचो, तुला शोधायची गरज काय, तू आपसूक येतेस. ती म्हणायची, हां, आणि म्हणून टोळापेक्षा माझी किंमत कमी.

विष्णू मोठा झाला. सड्यावर आमचा तुकडा होता, त्यानं तिथं कलमं लावायची म्हटलं. मी म्हटलं लाव. कलमं लावू नको असं म्हणणारा अजून कोकणात जन्माला यायचाय. सगळेच लावत होते. कातळाला सुरुंग लावायचे, खड्ड्यात खालची माती वाहून टाकायची, हापूसचं कलम लावायचं. वणव्याच्या भीतीनं भोवतालचं गवत कापायचं, राहिलं ते जाळायचं. कलमं मोहरायला लागली तसे तुडतुडे आले, तुडतुड्यांसाठी पंप आला, पावडर आली. पांढरी पावडर असायची, तिचा वास घशात बसायचा. विष्णू फडकं तोंडाला बांधून पंप मारायचा आणि संध्याकाळी भाकरी खाताना म्हणायचा, बाबा, तुडतुडा साफ. मी म्हणायचो, शाब्बास. मग सकाळी कलमाखाली बघावं तर तुडतुडे पडलेले, मधमाशा पडलेल्या, काजवे पडलेले, ज्यांचं आमच्याशी काही भांडण नव्हतं ते पण पडलेले.

तुम्ही मघाशी विचारलंत, टोळ गेला कसा. एवढी आभाळ झाकणारी जात. कृषीचा एक तरुण आला होता तो म्हणाला, आजोबा, टोळ गेला ते बरं झालं की, त्याच्यासाठी रडताय काय? गोड पोरगा होता, त्यानं चहा घेतला आणि गेला. मी रडत नव्हतो. पण सांगतो तुम्हाला. गाव म्हणतो आम्ही चिरडून संपवला, माझा बापूस पण मरेपर्यंत हेच म्हणायचा, टोळ आमच्या टाचेनं संपवला. मी पण चारचौघांत तेच म्हणतो, घराण्याची गोष्ट आहे. पण वर्षाला एक मादी मारून जात संपत नसते. आभाळभर होते तेव्हा आभाळातून कोणी कमी करू शकलं नाही. त्यांना अंडी घालायला लागायची कातळाच्या कडेची बोटभर माती आणि तिच्यावर गवत. तेवढीच जागा. ती जागा गेली. जात कितीही मोठी असली तरी तिचा जीव अशा एका छोट्या जागेत असतो, ती जागा मिळाली की मारायला दगड लागत नाही.

आता मुख्य गोष्टीवर येतो. ह्याला फार वर्षं नाही झाली. त्या आषाढात मी सड्यावर गेलो आणि मला टोळ मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, मिळाला नाही. सगळ्या सड्यावर कलमंच कलमं, दगडी गडग्याला गडगा लागलेला. आमच्या तुकड्यात मी गुडघ्यावर बसून कलमांच्या बुंध्याशी हात घालून बघितलं. वाकून वाकून पाठ मोडली. खाली मळ्यात चिखल तयार, तरवा लावणीला आलेला, आणि तरवा काय थांबतो? दिवस गेले की त्याला कांडं धरतं, म्हातारा होतो, मग तो लावून दाणा भरत नाही. लोक येताजाता विचारायला लागले, काय टोळबुवा? पहिल्यांदा हसून विचारायचे, मग हसायचे बंद झाले.

माझा एक चुलतभाऊ, गणपत. गोदीत नोकरी करून म्हातारपणी गावी आलेला, अंगात सदरा, पायात रबरी बूट, आणि मनात एकच, की हा मान मोठ्या घराचा, आणि मोठं घर त्यांचं. त्याचा बापूस थोरला, माझा धाकटा, हे तर खरंच. पण ढोल कोणी वाजवला? तो आमच्या पडवीत येऊन बसला, पान मागितलं आणि म्हणाला, सीताराम, तुझे गुडघे गेले आता, मला दे एक वर्ष. मी म्हटलं, गुडघे गेले, टाच आहे. तो म्हणाला, टाच आहे पण टोळ कुठं आहे? आमच्या घरचीनं त्याला पान दिलं, चुना जास्त लावून. तो तोंड भाजून गेला.

विष्णू म्हणाला, बाबा, हिरवे नाकतोडे आहेत ना भरपूर, एक मोठा बघून पुडीत घाला, पावसात कोण बघतंय. केस पांढरे झालेल्या त्या पोराला मी कानफटात मारली. त्याच्या बायकोच्या देखत मारली. तो पंप उचलून बाहेर गेला. नाकतोडा तो नाकतोडा आणि टोळ तो टोळ. पोरं नाकतोड्याच्या पायाला दोरा बांधून खेळतात. त्याच्यासाठी सगळा गाव काठावर बसवायचा?

मग मला आठवलं की शिवेपलीकडच्या सड्यावर गवत आहे. तिकडं कलमं लागली नव्हती, त्यांच्यात शहाणपण होतं म्हणून नव्हे, भावकीचा दावा कोर्टात पडलेला, कोणी कोणाला खड्डा मारू देत नव्हतं. भांडणापायी राहिलेलं गवत. पण मी जन्मात शीव ओलांडली नव्हती. आमच्या घरातलं कोणीच नाही. त्या गावचं पाणी प्यायचं नाही, मुलगी द्यायची नाही, करायची नाही. मी मनाशी म्हटलं, देवीनं मादी आण म्हणून सांगितलं, कुठल्या सड्यावरची ते सांगितलं नाही. आणि उद्या गणपत म्हणाला की शिवेपलीकडची चालत नाही, तर सांगेन, माझ्या बापसानंच तिला तिकडं पाठवली होती, मी परत आणली.

डोक्यावर इरलं घेतलं आणि सकाळीच गेलो. पाऊस बारीक. काय सांगू तुम्हाला, त्या गवतात पाय टाकला आणि माझ्या लहानपणचा आवाज आला, फट् असा, पायातून काहीतरी उडालं. टोळ. नर होता. मग एक रिकामी मादी. मी दोन्ही सोडले. दुपार व्हायला आली तेव्हा कातळाच्या कडेला ती दिसली. शेपूट मातीला लावून बसलेली, उकरायला सुरुवात केलेली. पोट असं फुगलेलं की कड्यांमधली कातडी पांढरी दिसत होती. अशी मादी मी तरुणपणी पण बघितली नव्हती. पाय न तुटता धरली. सागाच्या पानात ठेवली, वर सुंभ बांधलं. उद्याचा दिवस शिवेवरचा, गुरवानं निरोप दिलाच होता की उद्या शेवटचं, उद्या झालं नाही तर गाव आपलं आपण बघेल. मला आता देव भेटला असता तरी मी त्याच्याकडं काही मागितलं नसतं.

त्या बाजूनं खाली उतरायची वाट एका घराच्या खळ्यातूनच जायची. एकटं घर. पडवीत एक म्हातारी सुकी मासळी निवडत बसलेली, खळ्यात कोंबड्या. काशीबाय तिचं नाव, ते मला नंतर कळलं. ती म्हणाली, कोण रे, सड्यावरून कोण येतोय? मी नाव सांगितलं. तिनं हातातली मासळी खाली ठेवली. म्हणाली, ढोलवाल्याचा पोर ना तू? मी म्हटलं, हो. अभिमानानंच म्हटलं, मी का लपवू? ती म्हणाली, बस, भिजलायस, पाणी देते. मी म्हटलं, ह्या गावचं पाणी आमच्या घरात चालत नाही. ती म्हणाली, बरं. पुन्हा आग्रह केला नाही. मग पुडीकडं बघून म्हणाली, टोळ मिळाला? आमच्याकडं अजून आहेत तर. मी फार वर्षांत हातात घेतला नाही. बघू.

आता तुम्ही म्हणाल, दाखवायची काय गरज होती. पण अशी मादी मिळालेली, आणि कोणाला दाखवलेली नाही. मी सुंभ सोडलं. म्हटलं, बघ, पंचक्रोशीत अशी दुसरी नाही.

तिनं पंख मिटून पाठीवर बरोबर धरली, माहीत असलेल्या माणसासारखी. उलटी करून पोट बघितलं. म्हणाली, भरलीय. दिवस भरलेत हिचे. मग तशीच धरून बोलायला लागली, आवाज चढवला नाही काही नाही. माझा सासरा शिवेवर हात जोडून उभा राहिला होता म्हणाली. माझा घोव, त्याचा धाकटा मुलगा, तेव्हा अंगावर पिणारा, म्हणून वाचला, त्याच्या वरची दोन गेली. सासू माझी मरेपर्यंत शिमग्यात ढोल वाजला की कानात बोळे घालून घरात बसायची. आम्हाला वाटायचं म्हातारी वेडी आहे. मी म्हटलं, ते टोळांनी केलं. ती म्हणाली, हां, टोळांनीच. आणि मग तिनं तोंडानं तितितिती केलं, कोंबड्या धावत आल्या, आणि तिनं ती मादी खळ्यात टाकली.

मी इरलं टाकून धावलो. पण माझे गुडघे आणि कोंबडीची चोच. एकीनं डोकं धरलं, एकीनं शेपूट, मध्येच फाटली. अंडी खळ्याच्या चिखलावर पडली, पिवळी, आणि कोंबड्यांनी ती एक एक दाणा करून टिपली. शेवटी पंख राहिला, लाल, तो एक कोंबडी घेऊन पळाली आणि बाकीच्या तिच्या मागं. म्हातारी म्हणाली, तुझ्या बापसानं आमच्याकडं धाडलेली, ती पोचली म्हणून सांग. मग पुन्हा मासळी निवडायला लागली. मी खळ्याच्या बाहेर पडलो तेव्हा पाठीमागून म्हणाली, पाणी अजून आहे हो. मी प्यालो नाही. आज जरी तीच वेळ आली तरी पिणार नाही.

पुन्हा सड्यावर गेलो, अंधार पडेपर्यंत फिरलो. नाही मिळाली.

दुसऱ्या दिवशी शिवेवर सगळा गाव. मी रिकाम्या हातानं गेलो आणि सगळ्यांच्या समोर म्हटलं, मादी मिळाली नाही, तीन दिवस द्या. कोणीतरी मागून म्हणालं, तीन दिवसांत तरवा वैरण होईल. दत्ता गुरव खाली बघत होता. तेवढ्यात गणपत पुढं आला आणि खिशातून काडेपेटी काढली. काडेपेटी! उघडली, आत हिरवा नाकतोडा. मी म्हटलं, अरे हा नाकतोडा आहे, देवीला फसवताय काय? गणपत म्हणाला, देवीला चष्मा लागलाय काय, तिला दिसत नाही होय? आणि सगळे हसले. ज्यांच्या चिखलात पहिली मूठ मी माझ्या हातानं लावलेली ते पण हसले. विष्णू हसला नाही, पण त्यानं माझ्याकडं बघितलं पण नाही. गुरवानं गाऱ्हाणं घातलं. गणपतनं तो नाकतोडा दगडावर ठेवला आणि चिरडला, आणि तुम्हाला सांगतो, बूट काढला नाही. बुटानं चिरडला. नारळ फुटला, अर्धं त्याच्या घरी गेलं. लोक भराभर मळ्यात उतरले. दगडापाशी मी एकटा राहिलो.

मी वाट बघत होतो. खोटं कशाला सांगू, रोज वाट बघत होतो की काहीतरी येईल. टोळ नाही तर करपा येईल, अळी येईल, नाहीतर पऱ्याला पूर येईल, देवी दाखवील ह्यांना. काय झालं सांगू? त्या वर्षी भात असं पिकलं की कणगी पुरली नाही. गणपतच्या दारात लोक पाया पडून गेले. आमच्या घरचीनं त्या नव्या भाताची खीर केली आणि माझ्यापुढं ठेवली, म्हणाली, खा, तुमच्या शापानं चव बिघडली नाही. ती पुढच्या उन्हाळ्यात गेली. तिच्याएवढं खरं मला तोंडावर कोणी बोललं नाही.

गणपतनं नंतर काडेपेटी पण सोडली. आता आषाढात दगडावर नुसता नारळ फुटतो, टोळ कशासाठी होता ते नव्या पोरांना माहीत पण नाही. त्यांना टोळबुवा म्हणजे काय वाटतं, कोणीतरी भूत. काशीबाय पण गेली म्हणतात. तिकडचा दावा मिटला, वाटण्या झाल्या, आणि गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या सड्यावर पहिला सुरुंग वाजला. आमची भांडी हलली. विष्णूला विचारलं तर म्हणाला, चांगलं आहे, त्यांना पण दोन पैसे मिळतील. तो माझ्याशी नीट वागतो हां. जेवायला घालतो. ते कानफटात मारल्याचं एकदाही काढलं नाही त्यानं.

परवा मी तिकडं गेलो. काठी टेकत, कोणाला न सांगता. गवताचा एक पट्टा राहिलाय, पुढच्या उन्हाळ्यात तो पण जाईल. बसून होतो तिथं, आणि काय सांगू तुम्हाला, समोर गवताच्या टोकावर टोळ. पाठीवर रेघ, सगळं तेच. मादी असती ना, तर मी ती धोतराच्या सोग्यात बांधून आणली असती, गणपतच्या दारासमोरून नेली असती, गावाला हाका मारून शिवेवर जमवला असता आणि ह्या टाचेनं चिरडली असती. जगातली शेवटची असती तरी चिरडली असती. हे असंच लिहा, बदलू नका. धरला, उलटा केला, शेपूट बघितलं.

नर निघाला.

नराचं मी काय करू? परत गवतावर ठेवला. तो उडाला पण नाही, तिथंच बसून मागचा पाय पंखावर घासत राहिला, बारीक आवाज येतो त्याचा, कान लावला तर. मादीला बोलवायची त्यांची रीत आहे ती. मी बराच वेळ ऐकत बसलो. कोणी आलं नाही.

चला, तुमचा चहा गार झाला. जाताना पाखाडीवरून जपून उतरा, शेवाळ आहे. देवी तुमचं बरं करो, तुमच्या घरी अंगण भरलेलं राहो. आणि खाली वाटेत गणपतचं घर लागेल, तो हाक मारील, पाणी देईन म्हणेल. प्या हवं तर. तुम्हाला चालतं.